माझ्याच घराची चौकशी

चौकशीच्या कामात माझा एक नियम आहे. तीन तोंडं ऐकल्याशिवाय कागदावर अक्षर उतरवायचं नाही. पहिलं तोंड रोज दारात येणाऱ्याचं, म्हणजे दूधवाल्याचं नाहीतर मोलकरणीचं. दुसरं इस्त्रीवालीचं, कारण घरातल्या माणसांचे कपडे तिच्या हातून जातात आणि खिशात काय काय निघतं ते तिलाच ठाऊक असतं. तिसरं, ज्याच्याशी त्या घराचं भांडण आहे त्याचं. हे तिसरं सगळ्यात कामाचं. भांडलेला माणूस बोलतो त्यातलं अर्धं टाकून द्यायचं. उरलेलं अर्धं दुसरं कोणी तुम्हाला सांगत नाही.

मी शरदिनी आठल्ये. बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीत राहते, वय छप्पन्न, स्वभाव तिखट. लग्न ठरायच्या आधी मुलाकडची किंवा मुलीकडची माहिती काढून देणं हा माझा धंदा. ऐकून कोणाला हसू येतं, येऊ दे. आमच्या घरात हे काम जुनंच आहे. माझे सासरे तीर्थोपाध्याय होते. महाराष्ट्रातून यात्रेकरू येत, आमच्याकडे उतरत, सासऱ्यांकडून विधी करून घेत आणि जाताना आमच्या वहीत गाव, कूळ, कोणासाठी आलो, सोबत कोण, सगळं लिहून जात. मग दोन-चार वर्षांनी त्यांचंच पत्र यायचं, ‘तिकडचं एक स्थळ सांगून आलं आहे, जरा पाहून कळवावे.’ सासरे घाटावर चार जणांशी बोलत, वही चाळत आणि पोस्टकार्ड टाकत. सासरे गेले, पुढे माझे यजमानही गेले. पत्रं बंद होऊन फोन यायला लागले तेव्हा मी दाराला पाटी लावली, ‘विश्वास जाँच केंद्र’. हिंदीत लावली, कारण गिऱ्हाईक सगळं हिंदी. फोनवर मी नाव सांगत नाही, नुसती ‘मैडम’.

आता कोर्टातले खटले मोबाइलवर दिसतात. डिग्री खरी की खोटी ते विद्यापीठात अर्ज केला की कळतं. फेसबुकवर तर लोक आपणहून सगळं मांडून बसतात. पण वहीची सर कशाला नाही. एकदा एका ‘अविवाहित’ मुलाची चौकशी आली. वहीत पाहते तर तीन वर्षांपूर्वीची त्याच्याच हातची नोंद. बायकोच्या अस्थी घेऊन आला होता, सोबत मेहुणा. ते लग्न मोडलं. अशी मी अकरा लग्नं मोडली आहेत आणि मला त्यातल्या एकाचंही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते माझ्या निवेदिताचं. माझी एकुलती एक मुलगी, एकतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. दिसायला छान, डोक्याने हुशार, आणि तरी तिची दोन स्थळं हातची गेली. दोन्ही माझ्यामुळे. एकाच्या आईने तर तोंडावर सांगितलं, “विहीण जासूस म्हटल्यावर आमच्या घरात जेवण गोड लागणार नाही.” मी म्हटलं, “मग मीठ कमी घाला.” तिथेच विषय संपला. निवेदिता त्या रात्री काही जेवली नाही.

म्हणून फेब्रुवारीत भुसावळचे सोनवलकर मुलगी पाहायला आले तेव्हा मी दारावरची पाटी उतरवून, जिभेला गाठ मारून बसले होते. रत्नाकर सोनवलकर रेल्वेतून रिटायर झालेले, सबंध वेळात दोन वाक्यं बोलले असतील. त्यांच्या पत्नी लतिकाबाई दोघांचं मिळून बोलत होत्या. मुलगा प्रसन्न, नागपूरला इंजिनियर. थोरली मुलगी सई पुण्यात नोकरीला, असं त्या म्हणाल्या. निवेदिता त्याच्याशी बोलताना हसत होती. माझी पोर परक्या माणसासमोर हसत होती, हे मी किती वर्षांनी पाहिलं. तेवढ्यात लतिकाबाईंनी पोह्याचा घास थांबवून विचारलं, “आणि तुम्ही काय करता हो?” माझ्या तोंडून निघून गेलं, “शिकवण्या घेते. लहान मुलांच्या.”

पाहुणे गेल्यावर निवेदिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आता खोटं बोललीच आहेस तर एक कर,” ती म्हणाली. “माझ्या या स्थळाची चौकशी करायची नाही. फोन नाही, वही नाही, काकाआजोबांना कुठे धाडायचं नाही. मला प्रसन्न आवडलाय, पुरे.” मी गंगेची शपथ घेतली. सगळ्या बनारसच्या मुलींची घरं पारखून देणारी मी, माझ्या मुलीला डोळे मिटून देणार होते. दोनदा कपाटापर्यंत गेले, पण वही उघडली नाही.

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी धंद्याचा वेगळा फोन वाजला.

“हॅलो, जाँच केंद्र? हमको एक लड़की का पक्का माहिती चाहिए.”

‘माहिती’ ऐकून मला हसू आलं. आपल्याकडचा माणूस दिसतो. मी आपली नेहमीसारखी म्हणाले, “बोलिए भाईसाहब, लड़की का नाम?”

“लिखिए. निवेदिता यज्ञेश आठल्ये. दुर्गाघाट.”

माझ्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. पलीकडचा आवाज सांगत होता, आपण भुसावळहून सोनवलकर बोलतोय, नंबर इंटरनेटवर मिळाला, आठ दिवसांत रिपोर्ट हवा, पसंत पडला तर लगेच साखरपुडा. आणि मग जरा खाकरून म्हणाला, “और सुनिए, माँ का पूरा पता करना. वो बाई बहुत गोड बोलती है. हमको शंका है.”

घ्या. जन्मात पहिल्यांदा गोड बोलले आणि तिथेच पकडले गेले.

खरं म्हणजे मी तिथेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. नात्यातलं काम घ्यायचं नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्याकडे गेले असते. शहरात खुर्चीवर बसल्या बसल्या रिपोर्ट लिहिणारे आहेत, ते कोणाबद्दल काय लिहितील याचा नेम नसतो. माझ्या मुलीचं नाव त्यांच्या हाती द्यायला माझा जीव होईना. “आठ दिन में मिल जाएगा,” मी म्हणाले, फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायले.

संध्याकाळी निवेदिताला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती तर टाळी वाजवून हसली. “अगं आई, मग प्रश्नच मिटला. देवच पावला म्हणायचा. छान लिही. मुलगी गुणाची, आई शिकवण्या घेते, घर सज्जनांचं. साइन कर, भेज दे, खतम.” ती माझ्या धंद्यावर खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते. जाताना तिने माझ्या गालाचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराजकाका आले. हे माझ्या यजमानांचे चुलत काका, म्हणजे निवेदिताचे काकाआजोबा, पोस्टातून रिटायर, वय बहात्तर. माझी बाहेरची कामं तेच करतात, कारण छत्री घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, “सूनबाई, चौकशी म्हणजे चौकशी. तीन तोंडं. मी निघालो.”

“काका, सगळी गल्ली तुम्हाला ओळखते. काय सांगणार आहात?”

“जे आहे ते. निवेदिताचं जमतंय, तिकडच्यांना खरं कळवायचंय, तर बोला. बनारसच्या माणसाला सरळ विचारलं की तो थांबतो होय?”

थांबत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी काका डायरी घेऊन परत आले, चहा मागितला, चष्मा पुसला. एवढा वेळ लावून चष्मा पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“पहिलं तोंड,” काकांनी वाचायला सुरुवात केली. “दूधवाला. म्हणतो, आठल्ये भाभी रोज दुधात बोट घालून पाहतात. वीस वर्षं झाली. एकदा पाणी सापडलं तर गल्लीच्या तोंडापर्यंत ओरडत आल्या. पण त्याच्या आईच्या ऑपरेशनला अस्पतालात चार दिवस डबा भाभींनीच पोचवला.”

“ते डब्याचं कशाला लिहिलंत?”

“सांगितलं ते लिहिलं. दुसरं तोंड, गीता इस्त्रीवाली. म्हणते, दीदी कपडे देताना सगळे खिसे स्वतः उलटे करतात, माझ्यावर भरोसा नाही असं वाटतं. निवेदिता बिटिया मात्र बोलायला गोड. रागावली की चार दिवस अबोला धरते. स्वयंपाकाला हात लावत नाही.”

“तिला काय करायचंय स्वयंपाकाशी? आणि तिसरं?”

काकांनी पान उलटलं. तिसरं तोंड म्हणजे समोरच्या प्रेमलाबाई, हे न सांगताही मला कळत होतं. प्रेमलाबाई जोशी, आमच्याच मराठी कुटुंबांतल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या इरावतीचं लग्न ठरलं होतं. मुलगा कंपनीत मॅनेजर आहे असं सांगत होता आणि मी काढलं की नोकरी सुटून दोन वर्षं झालीत. मला कोणी विचारलंही नव्हतं, पण मी जाऊन सांगितलं, आणि तेही चारचौघांत. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. खिडकी समोरासमोर आणि सहा वर्षं अबोला.

“प्रेमलाबाई म्हणाल्या,” काका वाचू लागले, “शरदिनी महा खडूस. माणसाची लाज कधी राखायची ते तिला समजत नाही. मी मेले तरी तिने माझ्या दारात येऊ नये. पण लिहून घ्या, ती बाई खोटं बोलत नाही. तिने सांगितलं ते खरं निघालं, म्हणून तर मी तिच्याशी बोलत नाही.”

काका हसले. मला हसू आलं नाही. दुधात बोट, उलटे खिसे, खडूस, सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण सहा वर्षं तोंड न पाहणाऱ्या बाईने माझ्या खरेपणाची ग्वाही द्यावी, आणि मी पोरीच्या सासरी शिकवण्यांची थाप मारून बसलेली असावी! माझी मलाच इतकी लाज वाटली की चहाचा कप तसाच राहिला.

चार दिवस मी रिपोर्ट लिहीत होते. एरवी मला दोन तास लागतात. शेवटी लिहिलं ते असं. मुलीचं शिक्षण, नोकरी, प्रकृती, मित्रमंडळ, सगळं तपासून खरं. वडील नऊ वर्षांपूर्वी वारले, घरावर खटला नाही. आईचा स्वभाव तापट, संशयी, रोज दुधात बोट घालून पाहते, जीभ कडू. शेजारणीशी सहा वर्षांचा अबोला, चूक निम्मी आईची. पुढे लिहिलं, ‘आई शिकवण्या घेत नाही. ती लग्नाआधीच्या चौकशा करते. मुलीची आधीची दोन स्थळं त्यामुळे गेली, म्हणून ती तुमच्यापुढे खोटं बोलली. ते मुलीने सुचवलेलं नव्हतं. हा रिपोर्ट लिहिणारी बाई तीच आहे. विश्वास वाटत नसेल तर दुसऱ्याकडून पुन्हा चौकशी करून घ्यावी.’ आणि खाली पहिल्यांदाच सही केली, पूर्ण नावाची.

पाठवण्याआधी तो कागद मी निवेदितासमोर ठेवला. लग्न तिचं होतं, तिला न विचारता पाठवणं म्हणजे चोरीच झाली असती. तिने वाचला. तिचा चेहरा उतरत गेला तो मी पाहत होते.

“तुला काय हवंय आई? दोन झाली, हे तिसरं. एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी गप्प बसली असतीस तर?”

“निवे, उद्या कळलंच तर...”

“उद्याचं उद्या. तुझा खरेपणा तू सांभाळ. माझं काय जातंय, माझं लग्नच जातंय ना.”

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. ती चुकीचं काही बोलत नव्हती. कागद तसाच टेबलावर राहिला. मी मनाशी ठरवलं, ती नाही म्हणाली तर पाठवायचा नाही, सोनवलकरांना सांगायचं की हे काम जमणार नाही, आणि जे होईल ते होईल.

सकाळी शाळेला निघताना ती टेबलापाशी थांबली. साडीची पिन लावत लावत म्हणाली, “रोज प्रसन्न विचारतो, आईंच्या शिकवणीच्या मुलांची परीक्षा कशी झाली. मी रोज काहीतरी बनवून सांगते. काल एका मुलाला नापास केलं. मला कंटाळा आलाय गं. आणि तुला तर नीट खोटं बोलताही येत नाही. पहिल्याच दिवाळसणाला पकडली जाशील.” मग कागद उचलून माझ्या हातात दिला. “पाठव. पण ‘मुलगी स्वयंपाकात निपुण’ असं जे खाली बारीक अक्षरात लिहिलंयस ना, ते काढ.”

ते मी काढलं. दहा वाजता रिपोर्टचा फोटो पाठवून दिला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही.

त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निवेदिता मोबाइल उलटा ठेवून वह्या तपासत होती. प्रसन्नचाही फोन नव्हता. ढुंढिराजकाका राजाघाटापर्यंत चक्कर मारून येतो म्हणून जायचे आणि दर तासाला येऊन ‘काही आलं?’ विचारायचे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले आणि मग त्यांना शिरा करून दिला. झालं, तिसरंही गेलं, असं मी मनाशी म्हणत होते. आणि या वेळी माझी जीभ नाही, माझी सहीच आडवी आली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. या वेळी मराठीत.

“रत्नाकर सोनवलकर बोलतोय. तुम्हाला मैडम म्हणू की काय म्हणू, कळत नाहीये.”

“जे म्हणायचं ते म्हणा,” मी म्हणाले. “मी ऐकते.”

“लतिकेने रिपोर्ट मोठ्याने वाचला. ते दुधात बोट घालायचं आलं तिथे आम्ही हसलो. मग पुढचं आलं. ती फार चिडली, खरं सांगतो. दोन दिवस चिडलेली होती. प्रसन्नलाही म्हणाली, फोन करायचा नाही.” ते पुढे म्हणाले. “बाई, आता माझं ऐका. आमची थोरली मुलगी सई. पुण्यात नोकरीला असते असं आम्ही तुम्हाला सांगितलं. ते खोटं आहे. ती इथे घरीच आहे, दीड वर्ष झालं.”

मी खुर्चीत बसले.

“तिच्या लग्नाआधीही मी अशीच चौकशी करवली होती. दोन पानी रिपोर्ट आला. मुलगा निर्व्यसनी, घर देवमाणसांचं, शेजारीपाजारी स्तुती करतात. एक डाग नव्हता त्यात. मला वाटलं, पोरीने नशीब काढलं. आठ महिन्यांनी ती परत आली ती मोडलेला हात घेऊन. नंतर कळलं, तो रिपोर्ट लिहिणारा त्या गल्लीत कधी गेलाच नव्हता.” ते पुन्हा खाकरले. “तुमचा रिपोर्ट सईने घेतला आणि चार वेळा वाचला. मग तिच्या आईला म्हणाली, स्वतःबद्दल एवढं लिहिणारी बाई आपल्याला कशाबद्दल फसवेल? लतिकेचा राग तिथे संपला. आम्ही पुढच्या महिन्यात साखरपुड्याला येतोय, विहीणबाई. आमचं खोटं तुम्हाला चालत असेल तर.”

‘विहीणबाई’ ऐकलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मी नुसती मान हलवत होते, जशी काही त्यांना ती दिसत होती. दारात निवेदिता येऊन उभी होती. माझं तोंड पाहून तिचा चेहरा पडला. मी तिला हाताने खूण केली, अगं बरं आहे, सगळं बरं आहे. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

“एक मिनिट,” रत्नाकरराव म्हणाले. “सईला बोलायचंय.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

“काकू,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. “माझ्या वेळी तुम्ही का नव्हतात?”

मी रडले, अगदी फोनवर ऐकू जाईल अशी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पलीकडे तीही रडत होती. मग तिनेच आधी नाक पुसलं आणि म्हणाली, दीड वर्षात मी घराबाहेर कुठे गेले नाही, पण साखरपुड्याला यावं म्हणते.

“ये,” मी म्हणाले. “चार दिवस आधीच ये. आता आहे मी.”